नांदेड ते लातूर : नदीची वाट आणि रुळांची वाट

नांदेडला गोदावरीच्या घाटावर बाहेरगावचा माणूस आला, की पात्राची रुंदी पाहून त्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. ही नदी इथून तेलंगणात जाते, पुढे राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळते. मग आपले सोयाबीन, तूर, हरभरा या नदीतून नावेने का जात नाहीत? पाण्यावर डांबर घालावे लागत नाही, रूळ टाकावे लागत नाहीत. देवाने केलेली ही सडक रिकामी आणि आपला माल मात्र ट्रकच्या आणि मालगाडीच्या भाड्याने हैराण, असे का?

प्रश्न वेडगळ नाही. दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या इंजिनियरांनी तो विचारला होता आणि त्यापायी सरकारी तिजोरीतला पैसाही खर्ची पडला होता. २०१६ साली तर आपल्या संसदेने कायद्याने गोदावरीला जलमार्ग ठरवून टाकले. तेव्हा नांदेडहून लातूरपर्यंतचा प्रवास करता करता या प्रश्नाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू. शेतकऱ्याच्या घराचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. मालाचे भाडे व्यापारी देतो असे दिसते खरे, पण ते तो आपल्या भावातूनच कापून घेतो.

पाण्यावर ओझे हलके का होते

म्हशीचे धूड पाण्यात पोरसुद्धा ढकलते, हे आपण गावच्या तळ्यात पाहतो. मालाचेही तसेच आहे. जाणकार सांगतात, की एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो माल ओढते, रुळांवर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो. म्हणूनच वाहतुकीच्या सरकारी आकड्यांत पाण्याचा दर सर्वांत कमी दिसतो. एक टन माल एक किलोमीटर न्यायला पाण्याने साधारण १ रुपया ६ पैसे, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे आणि रस्त्याने अडीच रुपये, असे आकडे काही वर्षांपूर्वीच्या पाहणीत धरले होते. आज ते वाढले असतील, पण त्यांचे एकमेकांशी नाते ध्यानात घ्यावे.

हे आपल्या भाषेत मांडू. एक क्विंटल तूर पाचशे किलोमीटरवर न्यायची आहे. पाण्याने ५३ रुपये, मालगाडीने ६८ रुपये, ट्रकने १२५ रुपये. ट्रक आणि मालगाडी यांच्यात ५७ रुपयांचा फरक आहे. पण मालगाडी आणि नाव यांच्यात तो फक्त १५ रुपयांचा आहे. हे १५ रुपये लक्षात ठेवावेत.

आता तूर काही घाटावर पिकत नाही. ती मुखेडच्या, कंधारच्या, लोह्याच्या माळावर पिकते. ती पोत्यात भरून गाडीने घाटावर आणायची, उतरवायची, नावेत चढवायची, पलीकडे पुन्हा उतरवायची आणि पुन्हा ट्रकमध्ये भरायची. दर चढउताराला हमाली आहे, तोलाई आहे, पोते फाटून सांडणारी मूठ-मूठ तूर आहे. दोन हात वाढले, की ते १५ रुपये कुठे गेले हे कळतही नाही. म्हणून ज्याचा माल नदीकाठीच तयार होतो आणि नदीकाठीच खपतो, त्यालाच नाव खऱ्या अर्थाने स्वस्त पडते.

माल असतो तेव्हा पाणी नसते

याहून मोठी अडचण नदीच्या स्वभावाची आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते. तिला बर्फाचा आधार नाही. आषाढापासून भाद्रपदापर्यंत ती दुथडी भरून वाहते. त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात काय असते? कणगी तळाला गेलेली असते आणि रानात कोळपणी चाललेली असते. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीला, तूर पौष-माघात, हरभरा आणि रब्बी ज्वारी त्याच्याही पुढे. माल घरात येतो तसतशी नदी आटत जाते. माल असतो तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा माल नसतो. मोठ्या मालवाहू पडावाला, ज्याला हल्ली बार्ज म्हणतात, दोन ते तीन मीटर खोल पाणी सलग लागते. मार्च महिन्यात असे पाणी आपल्या गोदावरीत बंधाऱ्यांच्या पोटातच मिळेल.

आणि त्या बंधाऱ्यांचेही पाहा. वर पैठणला १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी धरण आहे. नांदेडच्या उशाशी विष्णुपुरी आहे, ज्याचे पाणी शहर पिते आणि उपशाने शेतेही भिजतात. मध्ये ढालेगाव, मुदगल, डिग्रस, अंतेश्वर आणि खाली आमदुरा, बळेगाव, बाभळी. प्रत्येक बंधारा म्हणजे नावेच्या वाटेतली भिंत. भिंतीपलीकडे नाव न्यायची, तर शेजारी दोन दारांचा खोल हौद बांधावा लागतो. नाव आत घेऊन पाणी चढवायचे किंवा उतरवायचे आणि दुसऱ्या दाराने तिला बाहेर काढायचे. आपले बंधारे शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत, नावांसाठी नव्हेत. शिवाय हौदाचे दार दर वेळी उघडले, की साठवलेले पाणी खाली जाणार.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची हकिगत तर सर्वांना ठाऊक आहे. पाण्यावरून दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१३ सालच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे वर उचलून ठेवायचे असतात. जिथे एकेका टीएमसीसाठी असा झगडा आहे, तिथे नाव तरंगावी म्हणून पाणी अडवून ठेवा, असे कोण म्हणेल? आपल्याकडे नदीचे पाणी भाडे वाचवण्यापेक्षा पीक वाचवण्याला अधिक मोलाचे आहे.

कॉटनसाहेबाचा नाद

हा नाद पहिल्यांदा घेतला तो आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथे १८४७ ते १८५२ या काळात त्याने गोदावरीवर मोठा बंधारा घातला आणि त्रिभुज प्रदेशात कालवे खोदले. त्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळाले आणि भाताची पोती वाहणाऱ्या नावाही चालल्या. आंध्रातल्या त्या मुलखाचे नशीब पालटले, म्हणून तिथले शेतकरी आजही त्याचे पुतळे उभारतात आणि त्याला मानतात.

त्यानंतर कॉटनने सरकारपाशी धोशा लावला, की हिंदुस्थानात रेल्वेपेक्षा जलमार्ग काढा, रयतेच्या मालाला वेगापेक्षा स्वस्ताई हवी. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी ही योजना होती. म्हणजे नांदेडच्या वरची गोदावरी तिच्यात नव्हतीच. गडचिरोलीकडच्या सिरोंच्याखालून ती वाट जाणार होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचा देवलमरी. हेग नावाच्या लष्करी इंजिनियराच्या देखरेखीखाली तिथे बंधारे, कालवे आणि नावांचे हौद बांधण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. तापाने माणसे हैराण झाली. खडक फोडता फोडता पैसा संपत गेला. तेवढ्यात १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला बारमाही वाट मिळाली. १८७१ साली सरकारने गोदावरीचे ते काम सोडून दिले.

कॉटनचे गणित पाण्याच्या दरापुरते बरोबर होते. पण नाव स्वस्त असली, तरी वाट करण्याचा खर्च मालावरच बसतो. आणि वर्षातून काही महिनेच चालणाऱ्या वाटेने तो फिटत नाही.

नदीने धान्य जाते कुठे?

मग धान्य नावेने कुठेच जात नाही का? जाते. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर मका आणि सोयाबीनचे पडाव चालतात. एका पडावात सुमारे दीड हजार टन माल मावतो आणि असे पंधरा पडाव एकत्र बांधून एकच बोट ते ढकलत नेते. त्या देशातून परदेशी जाणाऱ्या धान्यापैकी जवळजवळ निम्मे अशा नदीवाटेने बंदरावर येते. तिथे शेताजवळच्या नदीकाठी उंच कोठारे असतात. धान्य पोत्यात न भरता नळाने थेट पडावात ओतले जाते. हमालीचा प्रश्न असा मिटवलेला आहे. तरीही २०२२ च्या शरद ऋतूत मिसिसिपीचे पाणी फार उतरले, पडाव अर्धेमुर्धे भरावे लागले, काही गाळात रुतले आणि ऐन सुगीत भाडे कित्येक पटींनी वाढले. त्याचा फटका शेतकऱ्याच्या भावाला बसला.

आपल्या देशातही प्रयोग झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अन्न महामंडळाचे २०० टन धान्य घेऊन एक जहाज पाटण्याहून गंगेतून निघाले आणि बांगलादेशातून वळसा घेऊन ब्रह्मपुत्रेने गुवाहाटीजवळच्या पांडू बंदरात पोचले. वाट २,३५० किलोमीटरची. ५ फेब्रुवारीला निघालेले जहाज ६ मार्चला पोचले. आगगाडीने हेच अंतर निम्म्याहूनही कमी आहे. नदी आपल्या मर्जीने वळते, रूळ माणसाच्या मर्जीने. किलोमीटरचा दर कमी असला, तरी किलोमीटरच दुप्पट झाले तर बचत कुठली?

शिवाय वाटेत अडकलेल्या पैशाला व्याज लागते. तुरीला क्विंटलला सात हजार भाव आणि शेकडा बारा व्याज धरले, तर महिनाभर नावेत पडलेल्या एका क्विंटलचे व्याज सत्तर रुपये होते. पाचशे किलोमीटरला वाचणारे १५ रुपये त्यापुढे किती टिकणार? म्हणून नदीची वाट मुख्यतः दगड, कोळसा, राख अशा कमी मोलाच्या आणि अवजड मालाला मानवते. डाळीसारख्या मोलाच्या मालाला वेळेवर पोचणे अधिक फायद्याचे.

नांदेडहून आगगाडीने

आता नांदेडच्या स्टेशनावर येऊ. हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली ही रेल्वे निजामाच्या राजवटीत १८९९ ते १९०१ च्या सुमारास सुरू झाली. नाव गोदावरीचे, काम मात्र जे गोदावरीला जमले नाही ते. भाद्रपद असो की वैशाख, तिची वाट सारखीच. नांदेडचा कापूस आणि गळिताचे धान्य बाहेर पडू लागले आणि टंचाईत बाहेरचे धान्य आत येऊ लागले.

पण या वाटेतही एक खोट होती. निजामाची लाईन होती मीटर गेजची, म्हणजे रुळांतले अंतर एक मीटर. मुंबईची लाईन ब्रॉडगेज. मनमाडला दोन्ही भेटत, पण एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चालत नसे. मुंबईला जाणारे प्रत्येक पोते मनमाडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. १९९० च्या दशकात नांदेडपर्यंत ब्रॉडगेज झाले, तोवर नव्वदेक वर्षे ही दुहेरी हमाली चालली. घाटावर होणारा खर्च इथे फलाटावर झाला, एवढाच फरक.

गाडी लिंबगाव, चुडावा ओलांडून पूर्णेला येते. पूर्णा हे रेल्वेचे गाव. इथून १९१२ साली हिंगोलीकडे फाटा निघाला. पुढे परभणी. तिथून परळीची लाईन दक्षिणेला वळते आणि संत जनाबाईच्या गंगाखेडला आपण गोदावरी ओलांडतो. पुलावरून जाताना पुष्कळ प्रवासी नदीत नाणे टाकून हात जोडतात. इथून पुढे नदी मागे राहते आणि गाडी बालाघाटच्या अंगाने चढू लागते.

परळीला वैजनाथाच्या दर्शनाला माणसे उतरतात आणि औष्णिक वीज केंद्रासाठी कोळशाच्या वाघिणी उतरतात. २०१३ सालच्या टंचाईत हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. लांबून कोळसा आणण्याची वाट होती, पण कोळशावर वाफ करायला जवळचे पाणी उरले नव्हते. या मुलखात खरी टंचाई कशाची आहे, हे परळीला समजते. पुढे घाटनांदूर, पानगाव करीत गाडी लातूर रोडला येते आणि तिथून तीसेक किलोमीटरवर लातूर.

नकाशात पाहिले, तर नांदेडहून लोहा-अहमदपूर-चाकूरवरून लातूर सरळ पडते. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जाणारे त्याच रस्त्याने जातात. आगगाडी मात्र पूर्णा, परभणी, परळी असा मोठा वळसा घेते. म्हणून या दोन गावांमधला माल ट्रकनेच जातो. जिथे रूळ वळसा घेतात, तिथे ट्रकचा जास्त दरही परवडतो.

लातूरचा बाजार कशाने वाढला

लातूरला तर नदीकाठही नाही. मांजरा गावाबाहेरून जाते. तरीही हा बाजार मराठवाड्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक झाला. सोयाबीन आणि तुरीच्या भावासाठी आज दूरदूरचे व्यापारी लातूरकडे पाहतात. डाळीच्या गिरण्या इथे ओळीने उभ्या आहेत.

आगगाडीआधी इथले धान्य दोन प्रकारांनी फिरे. पहिले लमाणांच्या तांड्यांनी. पीटर मुंडी नावाच्या इंग्रजाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांचा एक तांडा पाहिला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. बैल वाटेतच चरत, म्हणून चाऱ्याचा खर्च कमी. नदीही लागत नसे आणि सडकही. आपल्या किनवट, मुखेड भागातले तांडे त्याच समाजाचे. दुसरा प्रकार बैलगाडीचा. लातूरचे धान्य आणि कापूस गाड्यांनी बार्शी-सोलापूरला जाई.

बार्शीलाही मुख्य रेल्वे नव्हती. ती पस्तीसेक किलोमीटरवर बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियराने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी लाईन टाकली. ती १८९७ साली सुरू झाली. त्याचा विचार साधा होता. रूळ हलके टाकायचे आणि वाघिणी अशा बांधायच्या, की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये. म्हणजे लाईन थोड्या खर्चात होते आणि मालही भरपूर जातो. थोड्या मालाच्या मुलखाला थोड्या खर्चाची वाट, हे त्याने ओळखले. हीच लाईन १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली.

लातूरला रूळ आले आणि बाजाराने बाळसे धरले. सोळा रस्ते जिला येऊन मिळतात ती गंजगोलाई १९१७ च्या सुमाराची, म्हणजे आगगाडीनंतर पाच-सहा वर्षांची. मात्र इथेही मनमाडसारखेच झाले. कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतले पोते मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. पुढे ट्रक आले. ते अडत्याच्या दारात भरायचे आणि थेट गिरणीच्या दारात रिकामे व्हायचे. किलोमीटरचा दर जास्त, पण हात कमी. छोट्या गाडीचा माल ट्रकने ओढून नेला तो याच कारणाने. अखेर २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी लाईन ब्रॉडगेज झाली आणि लातूरची वाघीण हात न बदलता देशभर जाऊ लागली.

१२ एप्रिल २०१६

या साऱ्या हिशेबाचे सार एका तारखेत आहे. देशातल्या १११ जलमार्गांचा कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला. त्यात भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरी आहे, म्हणजे नांदेडचा घाटही आला. लातूरच्या खालच्या अंगाला, सिंगूर धरणापासून गोदावरीच्या संगमापर्यंतची मांजराही त्या यादीत आहे.

नेमक्या त्याच दिवशी पहाटे लातूरच्या स्टेशनात पाण्याची पहिली गाडी आली. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. शहरात पाण्यावरून भांडणे होऊ नयेत, म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी करावी लागली होती. मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून दहा टाक्यांची गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही वाट कॅल्थ्रॉपच्या जुन्या लाईनचीच, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

ज्या नदीच्या खालच्या पट्ट्याला कागदावर जलमार्ग म्हटले, तिच्याच काठच्या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ६ कोटी २० लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचा हिशेब सुमारे ४ कोटी रुपये निघाल्याचे वर्तमानपत्रांत आले. म्हणजे लिटरला ६५ पैसे आणि टनाला किलोमीटरमागे पावणेदोन रुपयांच्या वर. रेल्वेच्या नेहमीच्या दरापेक्षा हा जास्त दिसतो. त्यात नवल नाही, कारण टाक्या भरून येत आणि रिकाम्या परत जात. परतीचे भाडे मिळाले नाही, की एका फेरीवर दोन फेऱ्यांचा खर्च बसतो. ट्रकवाला परतीचा माल आहे का, असे आधी का विचारतो, हे यावरून समजावे.

घरच्या हिशेबाला काय घ्यावे

नदीची वाट आपल्यासाठी नाही, याचे दुःख करण्याचे कारण नाही. गोदावरी-मांजरेने आपली पिके आणि माणसे जगवावीत, ओझे रुळांनी वाहावे, हीच या मुलखाची नैसर्गिक वाटणी आहे. पण रुळांचा फायदा शेतकऱ्याच्या पदरात कितपत पडतो, हे मात्र आपल्या हाती आहे.

धान्याच्या सुमारे बेचाळीस वाघिणींच्या एका मालगाडीत २,६०० टनांच्या आसपास माल जातो. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरले, तर ही गाडी भरायला तीन हजारांवर एकरांचे पीक लागते. सोळा टनांच्या ट्रकला वीस एकर पुरतात. म्हणून एकटा शेतकरी रेल्वेचा गिऱ्हाईक होऊच शकत नाही. तो ट्रकचा किंवा अडत्याचा गिऱ्हाईक होतो आणि रेल्वेचा स्वस्त दर ज्याच्याकडे गाडीभर माल जमतो त्यालाच मिळतो. क्विंटलमागचे ते ५७ रुपये आज बहुतेक वेळा त्याच्याकडे राहतात.

ते आपल्याकडे यावेत, तर माल एकत्र यायला हवा. गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांनी एका जातीचा, एका प्रतवारीचा, चाळणी मारून वाळवलेला माल एका गोदामात साठवला, तर दोन-चार तालुक्यांत मिळून गाडीभर माल उभा राहू शकतो. गोदाम मालधक्क्याजवळ असावे, म्हणजे मधला एक हात वाचतो.

घरच्या घरीही हा हिशेब करता येतो. माल बाजाराला नेताना भाड्याचा दर किती, एवढेच विचारू नये. पोते किती वेळा चढेल-उतरेल, वाटेत किती दिवस राहील, किलोमीटर किती होतील आणि गाडी परत रिकामी येईल की काही घेऊन येईल, हेही विचारावे. सोयाबीन घेऊन गेलेला टेंपो परतताना पेंड, खत किंवा शेजाऱ्याचे सामान घेऊन आला, तर जाण्याचे भाडे निम्मे झाल्यासारखेच. दोन-तीन घरांनी बाजाराचा एकच दिवस ठरवला, तर अर्धा रिकामा टेंपो पूर्ण भरून जातो. पट्टी हातात आली, की हमाली, तोलाई आणि भाडे हे आकडे वेगवेगळे वहीत लिहून ठेवावेत. दोन हंगामांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की आपला पैसा कोणत्या टप्प्यावर गळतो हे घरातल्या शाळकरी पोरालाही दाखवता येईल.